रोजचं घरकाम सोपं करणारी, तुम्हाला सापडलेली एखादी साधी युक्ती सांगाल का?

कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडून द्या, हीच माझी युक्ती.

तूरडाळीला किती शिट्ट्या, असं बेळगावात दहा घरी विचारा. कुणी चार सांगेल, कुणी सहा, आणि खानापूरची आमची मामी म्हणेल, "मऊ होईपर्यंत घ्यायच्या की!" खरं तर आतला दाब पुरेसा झाला की जादा वाफ शिट्टी उचलून बाहेर पडते, बाकी काही नाही. आतलं तापमान साधारण 120 अंशांवर येऊन थांबतं, गॅस भडक ठेवला तरी ते वाढत नाही. वाढतं ते ओट्यावर उडणारं पिवळं पाणी आणि सिलिंडरचा खर्च.

पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा, नुसती सुरसुर ऐकू आली पाहिजे. मग घड्याळ बघायचं. अर्धा तास भिजवलेली डाळ दहाएक मिनिटांत होते. गॅस बंद केल्यावर वाफ आपणहून जिरू द्या, तेवढ्या वेळात डाळ शिजतच असते. घाईनं शिट्टी वर करणाऱ्यांचं हे फुकटचं शिजणं वाया जातं.

उघड्या पातेल्यात मात्र आमच्याकडं डाळ रेंगाळतेच. बेळगाव समुद्रसपाटीपासून 750 मीटरच्या आसपास, त्यामुळं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. त्यात बोअरचं जड पाणी असलं तर त्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला (दाणा जोडून ठेवणाऱ्या पदार्थाला) घट्ट धरतं आणि दाणा फुटत नाही. बोअरचं पाणी भांड्यांना ठेवा, डाळीला नळाचं घ्या. चिंच, आमसूलही डाळ घोटल्यावरच, आधी घातलं की दाणा टणक राहतो. शेजारच्या कन्नड अक्का सारूच्या (म्हणजे पातळ आमटीच्या) डाळीत थेंबभर तेल टाकतात. फेस कमी येतो, शिट्टी तुंबत नाही. हे मी त्यांच्याकडूनच उचललं. (सासूबाईंना अजून पटलेलं नाही, त्या स्वयंपाकघरात असल्या की शिट्ट्याच!)

पावसाळ्यातल्या कपड्यांचंही थोडं सांगते, कारण इकडं जुलैत ऊन म्हणजे पाहुणाच. जाड पँट पिळल्यावर कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा, बरंच पाणी टॉवेल ओढून घेतो. मग पंख्याखाली दोन कपड्यांत हातभर अंतर ठेवून वाळत घाला, आणि पाऊस आत येत नसेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत तीच दमट हवा फिरत राहते.