सोलापुरात राहून हायटस हर्नियाची आणि अन्ननलिकेची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया शिकता येते का?

तुमचा प्रश्न मी असा समजतो: जनरल सर्जरीत एम.एस. झाले आहे, पित्ताशय आणि अपेंडिक्स तुम्ही दुर्बिणीने करता, आणि आता हायटस हर्निया (श्वासपटलातल्या अन्ननलिकेच्या वाटेतून, म्हणजे हायटसमधून, जठर छातीत सरकणे) व अन्ननलिकेकडे वळायचे आहे. त्यासाठी सोलापूर सोडावे लागेल का, दोन-तीन दिवसांचा कोर्स पुरेल का, आणि स्वतंत्रपणे सुरुवात करण्याआधी किती शस्त्रक्रिया हाताखालून जायला हव्यात, असे तुम्ही विचारले आहे. मी सोलापुरातच वीसएक वर्षे हे काम करतो आणि अलीकडे तरुण सर्जनना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हायटस हर्निया आणि ॲकॅलेशिया (अन्ननलिकेचा खालचा झडपस्नायू न उघडणे) यांच्या शस्त्रक्रिया सोलापुरात राहून करता येतात, पण त्या शिकण्यासाठी काही महिने तरी अशा ठिकाणी जावे लागेल जिथे त्या दर आठवड्याला होतात. अन्ननलिकेच्या कर्करोगाचा विषय वेगळा आहे; त्यावर शेवटी येतो. कोर्स जरूर करा. असोसिएशन ऑफ मिनिमल ॲक्सेस सर्जन्स ऑफ इंडिया, म्हणजे आपण ‘आमासी’ म्हणतो ती संघटना, असे कोर्स ठिकठिकाणी घेते, आणि त्यातून हाताला वळण लागते. मात्र तीन दिवसांत हाताला वळण लागले म्हणजे शस्त्रक्रिया आली, असा समज घेऊन परतलेले सर्जन मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या रुग्णांची दुसरी शस्त्रक्रियाही मला करावी लागली आहे. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा ही दुसरी कितीतरी अवघड असते, कारण तोवर यकृत, जठर आणि श्वासपटल एकमेकांना चिकटून गेलेले असतात आणि कोणता थर कुठे संपतो हे डोळ्यांना दिसत नाही.

शिकणाऱ्या बहुतेकांचे लक्ष फंडोप्लिकेशनच्या वेढ्यावर असते. आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग, म्हणजे फंडस, अन्ननलिकेच्या मागून आणून तिच्याभोवती गुंडाळण्याची पद्धत रुडॉल्फ निस्सेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९९१ मध्ये बेल्जियमच्या बर्नार्ड डालमान्य यांनी तीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने केल्याचे प्रसिद्ध केले. वेढा चित्रफितीत छान दिसतो, त्यामुळे तोच शस्त्रक्रियेचा गाभा वाटतो. माझे मत वेगळे आहे. वेढा घालणे हा या सगळ्यातला शिकवायला सर्वांत सोपा भाग आहे. खरे प्रशिक्षण कोणावर शस्त्रक्रिया करायची हे ठरवण्यात, हायटसच्या आजूबाजूचे सोडवण्यात आणि नंतर रुग्णाला वर्षानुवर्षे भेटत राहण्यात आहे.

पहिल्या भागाबद्दल माझाच अनुभव सांगतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एक यंत्रमाग कामगार छातीतल्या जळजळीसाठी माझ्याकडे आला. दोन वर्षे तो ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होता. एंडोस्कोपीच्या अहवालात ‘लहान हायटस हर्निया’ असे लिहिलेले होते आणि मी त्याचे नाव फंडोप्लिकेशनच्या यादीत टाकूनही मोकळा झालो होतो. आदल्या दिवशी माझे गुरू त्याच्या खाटेजवळ बसले आणि त्यांनी एवढेच विचारले, “रात्री उशीवर येतं ते आंबट असतं का?” तो म्हणाला, “आंबट नसतं साहेब, दुपारची भाकरी जशीच्या तशी येते.” त्याच दुपारी बेरियम पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका वर फुगलेली होती आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती झालेली होती. तो ॲकॅलेशिया होता. खालचा झडपस्नायू उघडतच नव्हता आणि अन्न वरच साचून आंबत असल्यामुळे जळजळ होत होती. त्या माणसाला मी वेढा घातला असता तर त्याचे उरलेसुरले गिळणेही बंद झाले असते. त्याला नेमकी उलटी शस्त्रक्रिया हवी होती: अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये प्रथम केलेली, तो स्नायू लांबीला कापून मोकळा करण्याची.

तेव्हापासून बेरियम आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतल्या दाबाची तपासणी) पाहिल्याशिवाय मी कोणाचेही नाव यादीत घेत नाही आणि माझ्याकडे शिकणाऱ्यालाही घेऊ देत नाही. ज्याच्या अन्ननलिकेत एंडोस्कोपीत आम्लामुळे झालेल्या ठळक जखमा दिसत नाहीत, त्याची चोवीस तासांची पीएच तपासणीही (अन्ननलिकेत किती आम्ल येते हे मोजणे) लागते. सोलापुरात शेंगाचटणी आणि तिखट रस्सा खाणारा प्रत्येक जण स्वतःला ॲसिडिटीचा रुग्ण समजतो, त्यामुळे लक्षणांवरून केलेला अंदाज इथे विशेष फसवा असतो. मॅनोमेट्रीसाठी रुग्णाला पुण्याला पाठवावे लागले तर पाठवावे. आणि शिकायला जाल तिथे फक्त थिएटरमध्ये उभे राहू नका. मॅनोमेट्रीचे आलेख रोज वाचा, बाह्यरुग्ण विभागात बसा, आणि वरिष्ठ कोणाला ‘तुम्हाला शस्त्रक्रियेची गरज नाही’ असे सांगतात हे लिहून ठेवा.

आता हायटसबद्दल. पित्ताशय काढताना चूक होऊ शकते अशा जागा थोड्या आणि ओळखीच्या असतात. इथे मात्र अन्ननलिकेच्या मागे महाधमनी आहे, उजव्या क्रूराच्या (हायटसच्या कडेच्या स्नायूच्या) शेजारी अधोमहाशिरा आहे, दोन्ही बाजूंना फुप्फुसांची आवरणे आहेत, वर हृदयाचे आवरण आहे, आणि अन्ननलिकेलाच चिकटून पुढची व मागची व्हेगस नर्व्ह उतरते. यकृत आणि जठर यांच्यामधला पातळ पडदा उघडून आपण आत शिरतो, तेव्हा काही रुग्णांमध्ये त्याच पडद्यातून यकृताच्या डाव्या भागाची धमनी जात असते. न पाहता तो कापणाऱ्याला ती नंतर दिसते. अन्ननलिका कधीही चिमट्यात थेट पकडायची नाही. तिच्याभोवती टेप घालून टेपला ओढायचे. मोठ्या पॅराइसोफेजियल हर्नियात अर्धेअधिक जठर छातीत गेलेले असते आणि नवा सर्जन ते खाली खेचू लागतो. मी दर वेळी एकच सांगतो: जठर खेचू नका, पिशवी सोडवा. हर्नियाची पिशवी क्रूराच्या कडेपासून बरोबर थरात सुटत गेली की जठर आपसूक खाली येते, आणि रक्तही जवळपास येत नाही.

वर छातीत सोडवताना फुप्फुसाचे आवरण फाटले तर पोटातला कार्बन डायऑक्साइड तिकडे शिरतो. अशा वेळी पहिली बातमी मॉनिटरवर येते: श्वासमार्गातला दाब वाढतो, रक्तदाब उतरतो. घाबरून नळी घालण्याआधी भूलतज्ज्ञांशी बोला, पोटातला दाब कमी करा आणि थोडे थांबा. हा वायू लवकर शोषला जातो आणि बहुतेक वेळा छातीत नळी घालावी लागत नाही. मात्र याची चर्चा भूल देण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे. म्हणून शिकणाऱ्याने भूलतज्ज्ञालाही आपला शिक्षक मानावे असे मला वाटते.

हाताचा सराव घरच्या घरी होतो. एंडोट्रेनरमध्ये (दुर्बिणीच्या सरावाच्या पेटीत) आम्ही स्पंजची नळी अन्ननलिका म्हणून लावतो आणि फंडसच्या जागी आपल्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा. टॉवेलला उभे फासे असतात. सुई आपल्या वक्राप्रमाणे मनगटातून फिरवली तर ती अलगद निघते, सरळ ओढली तर फासा अडकून बाहेर लोंबतो. चूक कोणी दाखवायची गरज उरत नाही. माझ्याकडच्या एका मुलाचे वडील यंत्रमागावर काम करायचे. तुटलेल्या ताण्याची गाठ ते नजर न वळवता बोटांनी मारत. त्या मुलाला मी सांगितले की आतली गाठ तितकी सवयीची होईपर्यंत सुई होल्डर हातात मागू नकोस. त्याने चार महिने रोज अर्धा तास सराव केला, आणि पहिल्यांदा क्रूराला टाका घेतला तेव्हा त्याचे लक्ष गाठीवर नव्हते, मागच्या महाधमनीवर होते. सरावाचा उद्देश तेवढाच असतो.

थिएटरमध्ये मी टप्पे उलट्या क्रमाने देतो. आधी तीस अंशांचा कॅमेरा, आणि तोही पुष्कळ दिवस, कारण कॅमेरा नीट धरणाऱ्याला पुढचे पाऊल कळत असते. मग फंडस आणि प्लीहा यांच्यामधल्या लहान रक्तवाहिन्या सोडवणे, मग वेढ्याचे टाके, त्यानंतर क्रूरा शिवणे, आणि सर्वांत शेवटी हायटसची सोडवणूक. वेढ्याच्या वेळी मी प्रत्येकाला फंडस अन्ननलिकेच्या मागून आणून सोडून द्यायला लावतो. तो जागेवर राहिला तर ठीक. झटक्याने परत गेला तर ताण आहे, टाके घेऊ नका. बूट पॉलिश करताना फडका मागेपुढे ओढतात तसा तो दोन्ही हातांनी ओढून पाहायचा, म्हणजे जठराचा मधला भाग चुकून आलेला नाही हे कळते. वेढा दोन सेंटिमीटरचा आणि सैल हवा, आणि त्याआधी कमीत कमी दोन-तीन सेंटिमीटर अन्ननलिका ताणाशिवाय पोटात राहिली पाहिजे.

किती शस्त्रक्रिया, या प्रश्नाला माझ्या मनातला आकडा देण्यापेक्षा ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या सर्जननी १९९६ मध्ये मांडलेला हिशेब देतो. ११ सर्जननी केलेल्या २८० फंडोप्लिकेशनमध्ये गुंतागुंत, पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया आणि पोट उघडण्याची वेळ या गोष्टी संस्थेच्या पहिल्या ५० आणि प्रत्येक सर्जनच्या पहिल्या २० शस्त्रक्रियांमध्ये जास्त होत्या. त्यातला मोलाचा भाग पुढे आहे: ज्यांनी संस्थेला अनुभव आल्यानंतर सुरुवात केली, त्यांच्या रुग्णांना तो त्रास कमी झाला. म्हणजे पहिल्या वीस रुग्णांनी नवशिकेपणाची किंमत मोजलीच पाहिजे असे नाही. जाणता माणूस शेजारी उभा असेल तर ती टळते. म्हणून माझे सांगणे असे आहे की पहिल्या वीसही शस्त्रक्रिया कोणाच्या तरी उपस्थितीत करा, मग त्यासाठी वरिष्ठांना पुण्याहून किंवा हैदराबादहून बोलवावे लागले आणि त्या शस्त्रक्रियेत पदरी काही पडले नाही तरी चालेल. मोठे पॅराइसोफेजियल हर्निया आणि पुन्हा करायच्या शस्त्रक्रिया त्या वीसमध्ये धरू नका.

अन्ननलिकेच्या कर्करोगाबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण विडी, तंबाखू आणि मिश्रीमुळे आपल्या जिल्ह्यात हे रुग्ण नेहमी दिसतात आणि ‘इथेच करा डॉक्टर’ अशी नातेवाइकांची विनवणी मोडवत नाही. दुर्बिणीचा फायदा खरा आहे: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग खुल्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के आणि दुर्बिणीनंतर ९ टक्के रुग्णांना झाला. कोइम्बतूरच्या डॉ. पलनिवेलु यांनी रुग्णाला पालथे झोपवून केलेल्या १३० शस्त्रक्रियांचा अनुभव २००६ मध्येच मांडला होता, त्यामुळे हे शिकायला परदेशी जायची गरज नाही. परंतु २०१९ च्या एका अभ्यासात छातीतल्या जोडाची (उरलेली अन्ननलिका जठराला जोडतात तिथली) गळती स्थिरावायला ११९ शस्त्रक्रिया लागल्या, आणि हा अभ्यास युरोपातल्या मुरलेल्या केंद्रांचा होता. वर्षाला दहा-बारा रुग्ण पाहणाऱ्या रुग्णालयात तो पल्ला गाठता येत नाही. याच मार्गाने जायचे असेल तर नीट-एसएस (सुपर-स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) देऊन सर्जिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजी किंवा सर्जिकल ऑन्कॉलॉजीची तीन वर्षे करा. जायचे नसेल तर रोगाचे नेमके निदान, पोषणासाठी जेजुनोस्टॉमी (लहान आतड्यात नळी बसवणे) आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी वेळेत पाठवणे, हे चोख करा.

फंडोप्लिकेशन झालेल्या रुग्णाला घरी सोडताना आहाराचे शिकणाऱ्यानेच समजवावे, असा माझ्याकडे नियम आहे. सुजेमुळे पहिले काही आठवडे गिळताना अडकते, आणि आपल्या लोकांना कडक भाकरीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. मी स्पष्ट सांगतो: महिनाभर कडक भाकरी बंद, आमटीत पूर्ण भिजलेली मऊ भाकरी चालेल, सोडा नको, ओझे उचलायचे नाही, आणि उलटीची भावना झाली तर वाट न पाहता फोन करायचा, कारण जोराच्या ओकारीने क्रूराचे टाके सुटू शकतात. महिन्याने, वर्षाने आणि शक्य असेल तर पाच वर्षांनी त्याच सर्जनने त्याच रुग्णाला पाहावे. मोठ्या पॅराइसोफेजियल हर्नियाच्या २०११ मधल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या सुमारास निम्म्याहून अधिक रुग्णांच्या एक्स-रेमध्ये हर्निया परत दिसला, जैविक जाळी लावलेली असो वा नसो. पण त्यातल्या फार थोड्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. हे ज्याने स्वतःच्या रुग्णांत पाहिले नाही, तो एक्स-रे पाहून पुन्हा पोट उघडतो.

तुमची पहिली शस्त्रक्रिया ठरवाल तेव्हा ती शनिवारी घेऊ नका. पुढचे तीन दिवस तुम्ही आणि तुमचे भूलतज्ज्ञ सोलापुरातच असाल असा वार निवडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी नाडी मोजा. अन्ननलिकेला न दिसलेले छिद्र ताप येण्याआधी नाडीत बोलते. ती विनाकारण ११० च्या वर असेल तर त्याच तासाला स्कॅनमध्ये दिसणारे औषध (काँट्रास्ट) पाजून सीटी स्कॅन करा.