लिनक्स ड्रायव्हरमध्ये स्पिनलॉक घेतला की मशीन मधूनच गोठतं, असं का?

म्हणजे रीड फंक्शनमध्ये (प्रोग्रामला डेटा देणाऱ्या) साधा स्पिन_लॉक घेतलाय, म्हणजे मिळेपर्यंत घिरट्या घालत थांबायला लावणारा लॉक, आणि इंटरप्ट हँडलरमध्येही (हार्डवेअरने हाक मारली की हातातलं काम थांबवून चालणारा कोड) तोच, बरोबर? मग गोठणारच. रीडने लॉक धरलेला असताना प्रोसेसरच्या त्याच कोअरवर इंटरप्ट आला, की हँडलर लॉकसाठी घिरट्या घालत बसतो. आणि लॉक सोडणारा कोड हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकत नाही. झालं, दोघंही अडकले.

सोलापुरात अक्कलकोट रोडला एका चादरीच्या कारखान्यात मागाचे फेरे मोजणाऱ्या बोर्डावर मी हेच करून ठेवलं होतं. दोन माग चालू असताना ठीक, सगळे चालू झाले की बोर्ड ढिम्म!

रीडमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरा. तो त्या कोअरचे इंटरप्ट बंद करतो आणि आधीची स्थिती फ्लॅग्ज या व्हेरिएबलमध्ये जपतो. दुसऱ्या कोअरवर हँडलर आलाच तर क्षणभर थांबेल, चालतं. हँडलरमध्ये साधा स्पिन_लॉक पुरतो. म्युटेक्स (दुसऱ्या प्रकारचा लॉक) मात्र हँडलरमध्ये नकोच, तो झोपू शकतो, म्हणजे वाट बघत प्रोसेसर सोडून देऊ शकतो.

आणि लॉक धरून कॉपी_टू_यूजर (डेटा यूजरच्या प्रोग्रामकडे पोचवणारं फंक्शन) करू नका, तेही झोपू शकतं. आकडा लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, लॉक सोडा, मग कॉपी करा. (हो, तीही चूक करून झालीय.)