डब्यातले पैसे आणि पोरावरचा भरवसा

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत राहते. घरीच डब्यांचा व्यवसाय करते. मागावर काम करणारी परगावची माणसं आणि काही बँकेतली मंडळी, असे पस्तीसेक डबे रोज जातात. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, नववीत शिकतो. शाळा सुटल्यावर संध्याकाळचे जवळपासचे डबे तो सायकलवरून पोचवायचा, त्याचे पैसे मी त्याला वेगळे द्यायचे. महिन्याच्या सुरुवातीला जमलेले पैसे मी तांदळाच्या डब्यात ठेवते. त्यातले ३,४०० रुपये गेले. त्याच्याच एका मित्राकडून मला कळलं. विचारल्यावर आधी नाही म्हणाला, मग रडला, मग कबूल केलं. मावशींनी माझ्यासमोर त्याला लाटण्यानं मारायला सुरुवात केली. मला बघवेना, मी त्यांचा हात धरला. ह्यांचं म्हणणं, पोलिसांत द्या, नाहीतर मायलेकांना दोघांनाही काढून टाका. आज तीन हजार, उद्या दागिने. सासूबाई म्हणतात, पोर आहे, पदरात घ्या. त्याला परत कामावर घेऊ का? आणि विश्वास टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं?
– एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : घ्या. आणि फार दिवस जाऊ देऊ नका. तुम्ही मावशींचा हात धरलात ना, ते त्या मुलानं पाहिलंय. त्या जोरावर पुढचं सगळं होण्यासारखं आहे.

पोलिसांचं आधी सांगते, कारण तो शब्द घरात रागानं उच्चारला गेला आहे आणि पुढे काय होतं याची फारशी कल्पना कुणाला नसते. पंधरा वर्षांच्या मुलाला चोरीसाठी कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. अशा प्रकरणात एकट्या मुलावर एरवी एफआयआरही होत नाही. डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीची माहिती मंडळाकडे जाते. पुढे परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, त्याच्या घरी, शाळेत जाऊन सविस्तर अहवाल करतो. माझी सगळी नोकरी हे अहवाल लिहिण्यात गेली. मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं, परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, घरी सोडू शकतं. फार झालं तर विशेष गृह, म्हणजे अशा मुलांना ठेवायची सुधारसंस्था, तेही तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. शिवाय या नोंदीमुळे पुढे त्याला नोकरीला वगैरे अपात्र ठरवायचं नाही, असं कायदाच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर मोठ्या माणसानं केलेली साधी चोरीसुद्धा पहिलीच असेल, पाच हजारांच्या आतली असेल आणि त्यानं माल परत केला असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. म्हणजे कायद्याचा कल तुमच्या सासूबाईंकडे आहे, हे यजमानांना जरूर सांगा.

एकाच परिस्थितीत मी पोलिसांकडे जा म्हणेन. कुणी मोठा माणूस या मुलाला पुढे करून चोऱ्या करवून घेत असेल तर. तेव्हा मुलाला वाचवण्यासाठीच जावं लागतं. एरवी पहिल्या चोरीच्या मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे प्रकरण चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे तो मुरलेल्या मुलांच्या शेजारी झोपतो, आणि रात्री ज्या गप्पा चालतात त्या कुठल्याच अधीक्षकाच्या कानावर जात नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न. विश्वास टाकायचा म्हणजे काय?

तांदळाच्या डब्यात नोटा मोजून ठेवायच्या आणि दाराआडून बघायचं, हे करू नका. हा सापळा झाला. मुलांना सापळा कळतो, आणि एकदा चोरी केलेल्या मुलाला तो सगळ्यांच्या आधी कळतो. आज त्यानं पैसे घेतले नाहीत तरी तो काही शिकलेला नसतो, फक्त सावध झालेला असतो. दुसरं टोकही टाळा. घर उघडं टाकून ‘माझा तुझ्यावर पूर्ण भरवसा आहे बरं का’ असं बजावू नका. कालच पकडल्या गेलेल्या मुलाला ते खरं वाटत नाही, आणि खरं नाहीच ते. पैसे डब्यातून काढून कुलपाच्या कपाटात ठेवा. मोह समोरून हलवणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

माझ्या अनुभवात भरवसा कामातून पोचतो. काम खरं हवं, कुणाला तरी त्याची गरज हवी आणि तो आला नाही तर अडायला हवं. तुमच्याकडे असं काम तयारच आहे. संध्याकाळी सात वाजता मागावरून येणारा माणूस डब्याची वाट बघत असतो.

आमच्या निरीक्षणगृहात दुकानं फोडताना पकडलेला एक मुलगा होता. कुणाशी बोलायचा नाही. कोठीघर सांभाळणारा माणूस रजेवर गेला आणि आचाऱ्याला रोजचं धान्य मोजून द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा अधीक्षकांनी किल्ली या मुलाकडे दिली. आम्ही काहीजणांनी विरोध केला. अधीक्षक एवढंच म्हणाले, ‘सकाळी सहाला डाळ शिजायला पडली पाहिजे, मला दुसरं कोण आहे?’ मुलगा साडेपाचला उठायला लागला. तूरडाळ किती, तांदूळ किती, गोडं तेल किती, वहीत स्वतः लिहायचा. एके दिवशी पुरवठादाराचा माणूस गुळाच्या ढेपा घेऊन आला. पोरानं ढेप उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाला, ‘काटा लावा परत.’ वजन कमी भरलं. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत त्याचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. सगळ्यांना तो गुळाचं सांगत होता. सुटल्यावर तो मार्केट यार्डात एका आडत दुकानात लागला. तिथेही काट्यावरच बसतो.

या विषयावर प्रशिक्षणात आम्हाला अंतोन मकारेंको या शिक्षकाचं उदाहरण सांगितलं जायचं, आणि मला ते आजही मोलाचं वाटतं. १९२० साली युक्रेनमध्ये पोल्ताव्हा शहराजवळ त्यांनी गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांची वसाहत सुरू केली. दिवस यादवी युद्धाचे होते, खायची भ्रांत होती. सेम्योन कलाबालिन नावाच्या पोराला तुरुंगातून आणायला मकारेंको स्वतः गेले. तिथल्या साहेबाच्या खोलीत त्यांनी मुलाला जरा बाहेर थांबायला सांगितलं. का, ते मुलाला कित्येक वर्षांनी कळलं. मुलगा ताब्यात मिळाल्याच्या कागदावर सही करायची होती, आणि सामान घ्यावं तशी आपली पावती होताना त्यानं बघू नये, असं मकारेंकोंना वाटलं. पुढे याच मुलाला त्यांनी वसाहतीचे पैसे आणायला एकट्याला शहरात पाठवलं. परत आल्यावर तो ‘मोजून घ्या, मोजून घ्या’ म्हणत राहिला. मकारेंकोंनी न मोजता पैसे ठेवून दिले. काही दिवसांनी चौपट रक्कम आणायला पुन्हा त्यालाच पाठवलं. कलाबालिन मोठेपणी स्वतः शिक्षक झाला आणि अशाच मुलांच्या संस्था त्यानं चालवल्या. मकारेंको मऊ माणूस नव्हते हो. त्यांच्या वसाहतीतली शिस्त जवळपास लष्करी होती. म्हणून तर मला ही गोष्ट पटते. शिस्त सगळ्यांना सारखी होती आणि अपमान कुणाचा नव्हता.

तुम्ही लगेच एवढी मजल मारायची गरज नाही. आधी नुसते डबे पोचवू द्या. त्याच्याशी एकदा नीट बोला, समोर बसवून उलटतपासणी घेतल्यासारखं नको. तुम्ही भाजी निवडत असाल, त्याला गवार मोडायला द्या आणि विचारा, ‘कशाला लागले होते रे पैसे?’ ‘का केलंस?’ विचारलंत तर मूल मान खाली घालतं, कारण ‘का’ ते त्यालाही सांगता येत नाही. ‘कशाला’ला उत्तर असतं. मोबाइलवरचा गेम, मित्रांवर केलेला खर्च, कुणाची तरी उधारी, क्वचित घरातला सिलिंडर. उधारी असेल तर ती कुणाची हे काढून घ्या, आणि तो मोठा मुलगा दमदाटी करत असेल तर यजमानांना त्याच्या घरी पाठवा. मूळ तिथेच असेल, तर तुम्ही कितीही प्रेमानं वागलात तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तीच वेळ येईल.

पैसे मात्र त्यानं फेडायचे. हे सोडून देऊ नका. माफ करून टाकलेत तर तो आयुष्यभर तुमच्याकडे बघताना नजर चोरील. पण फेड मावशींच्या पगारातून कापून घेऊ नका. त्यांनी काही केलेलं नाही. त्याच्या आठवड्याच्या पैशांतून थोडे वळते करा आणि थोडे त्याच्या हातात राहू द्या. हात अगदी रिकामा ठेवलात तर लक्ष पुन्हा डब्याकडे जातं. दर आठवड्याला वहीत त्यानं स्वतः लिहावं : एवढे दिले, एवढे राहिले. चार-सहा महिने, जे काय लागतील ते लागू देत. ती वही तुमच्या दोघांपुरती.

मग दोन ओळखीच्या गिऱ्हाइकांचे महिन्याचे पैसे आणायला सांगा. हल्ली बरेचजण क्यूआर कोडवरच पैसे टाकतात, पण मागावरचे काही लोक अजून रोखीनं देतात, ते त्याच्याकडे द्या. घेतलेल्या पैशांपुढे गिऱ्हाइकाची सही आणायची, हा नियम ठेवा, आणि तुम्ही स्वतः गेलात तरी सही आणा. हिशेब सगळ्यांचा असला की त्यात कुणाचा अपमान होत नाही.

बाहेर बोलू नका. गिऱ्हाइकांना नको, शेजारी नको, हळदीकुंकवाला तर मुळीच नको. ज्या मित्रानं तुम्हाला सांगितलं त्यालाही बोलावून सांगा की विषय मिटला. घरात कुणी थट्टेनंही ‘आला का चोर’ म्हणायचं नाही. कठीण दिवस पुढे येणार आहे. कधीतरी घरात काहीतरी हरवेल, चार्जर म्हणा, पन्नासची नोट म्हणा, आणि सगळ्यांच्या माना नकळत त्याच्याकडे वळतील. त्या दिवशी तुमची मान वळू देऊ नका. तो तेवढंच बघणार आहे.

पुन्हा घेतले तर? घेऊ शकतो. सुधारणा सरळ रेषेत होताना मी तरी पाहिली नाही. तेव्हा वसुलीचं काम काढून घ्या, डबे चालू ठेवा, पुन्हा विचारा, पुन्हा फेडू द्या. घरातून हाकलू नका एवढंच.

यजमानांची दागिन्यांची भीती खोटी नाही. कपाटाला चांगलं कुलूप बसवा. पण त्यांना एक विनंती माझ्या वतीनं करा. तुमच्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ, १९३९ साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकारानं स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. खुनासारख्या गुन्ह्यांतले बंदी तिथे तटाशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले, आणि ती वसाहत आजही आहे. तिथे ते जमलं, तर एका नववीतल्या पोराला निदान एक काम यजमानांनी स्वतः सांगून बघावं. सायकलचं पंक्चर काढून आण, हे शंभर रुपये, उरलेले परत दे. विरोधात असलेल्या माणसानं सांगितलेल्या कामाचं मोल मुलाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलानं आईच्या कानातला एक जोड विकला. मित्राची उधारी झाली होती म्हणे. आम्हाला पत्ताही नव्हता. त्यानंच चिठ्ठी लिहून माझ्या उशाशी ठेवली, ‘मला शिक्षा करा’ असं लिहिलंय. कोणती शिक्षा योग्य ठरेल?
– एक वडील, नाशिक

उत्तर : जवळजवळ हीच चिठ्ठी राजकोटच्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं वडिलांना लिहिली होती. भावाचं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडायला भावाच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा काढून विकला होता. वडील आजारी, अंथरुणाला खिळलेले. ते उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून पाणी आलं, क्षणभर डोळे मिटले आणि चिठ्ठी फाडून टाकली. शिक्षा केली नाही. तो मुलगा मोहनदास गांधी. वडील संतापतील, कपाळ बडवून घेतील, असं त्याला वाटलं होतं. त्यांचं ते शांत राहणं तो आयुष्यभर विसरला नाही.

तुमच्या मुलानं लपवता आलं असतं तरी लपवलं नाही. चिठ्ठी मिळून किती तास झाले मला माहीत नाही, पण आज रात्रीच त्याच्याशी बोला, ताटकळत ठेवू नका. चिठ्ठी नातेवाइकांना दाखवू नका. मित्राच्या उधारीचं काय प्रकरण आहे ते समजून घ्या. कानातल्याचं काय करायचं ते त्याच्या आईला ठरवू द्या, कारण वस्तू तिची आहे. आणि भरपाई म्हणून ती जे सांगेल ते त्यानं स्वतः करावं. एक काम मात्र तुमचं, त्याच्यावर सोडू नका. अल्पवयीन मुलाकडून पावती न विचारता सोनं घेणाऱ्या दुकानदाराकडे उद्या तुम्ही जा, जोड अजून तसाच असेल तर परत मागा आणि त्याला जाब विचारा.