खाडीकाठच्या बारला ‘गुत्ता’ म्हणावे का?

ऐरोलीच्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे. खाडीच्या काठावर, कसलाही झगमगाट नसलेला, आसपासचीच माणसे संध्याकाळी निवांत येऊन बसतात असा एक बार आहे. तेथे गेल्याचे वर्णन लिहिताना त्यांनी त्याला ‘गुत्ता’ म्हटले, तेव्हा मित्राने हरकत घेऊन ‘मद्यालय’ हा शब्द सुचवला. या दोहोंपैकी योग्य कोणता, आणि इंग्रजीत अशा जागेला ‘डाइव्ह बार’ म्हणतात तसा शब्द मराठीत आहे का?

मित्राची हरकत रास्त आहे, पर्याय मात्र स्वीकारण्याजोगा नाही. ‘मद्यालय’, ‘मदिरालय’, ‘पानगृह’ हे शब्द व्याकरणाने निर्दोष असले, तरी प्यायलेल्या किंवा न प्यायलेल्या कोणाही मराठी माणसाच्या तोंडी ते सहजपणे आल्याचे ऐकिवात नाही. वर्णनात ते आले की वाचकाला एक तर विनोद वाटतो, नाही तर भाषांतर वाटते.

‘गुत्ता’ हा शब्द मुळात दारूचा नाही. त्याचा जुना अर्थ मक्ता, ठरावीक रकमेवर घेतलेले काम किंवा हक्क, असा आहे. तेलुगूतील ‘गुत्त’ आणि कन्नडमधील ‘गुत्तिगे’ हे शब्द याच अर्थाचे आहेत, आणि मराठवाड्यात रस्त्याचे किंवा इमारतीचे काम घेणारा माणूस आजही ‘गुत्तेदार’च असतो, त्याचा बाटलीशी काहीही संबंध नसतो. इंग्रजी अमलात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देत असे (मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८चा आहे), त्यामुळे ‘दारूचा गुत्ता’ म्हणजे त्या हक्काचा मक्ता झाला, मक्त्याचे नाव दुकानाला चिकटले, आणि पुढे ‘दारूचा’ हा शब्द लावण्याचीही गरज उरली नाही. हिंदीत ‘ठेका’ या शब्दाचे नेमके हेच झाले. कंत्राट या अर्थाचा तो शब्द उत्तरेत दारूच्या दुकानाची पाटी बनून बसला आहे. जुन्या मराठीत ‘पिठा’ हाही शब्द होता, परंतु आता तो बहुतेक छापील पानांपुरताच उरला आहे.

व्युत्पत्ती अशी सोज्वळ असली तरी आजच्या कानाला ‘गुत्ता’ म्हणजे देशी दारूची, उभ्या उभ्या ग्लास रिकामा करून निघून जाण्याची जागा. त्यात आपल्याकडे खाडीची भर पडते. ठाणे, दिवा, भिवंडी या बाजूच्या खाडीतील खारफुटीत हातभट्ट्यांवर छापा पडल्याच्या बातम्या वाचतच येथील वाचक मोठा झालेला असल्यामुळे ‘खाडीकाठचा गुत्ता’ म्हटले, की त्याच्या डोळ्यांपुढे निवांत संध्याकाळ नव्हे, तर चिखलात पुरलेली पिंपे येतात. ‘अड्डा’ या शब्दाचीही तीच गत आहे. ‘डाइव्ह’ हा शब्दसुद्धा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत तळघरातल्या बदनाम दारूगृहांसाठीच वापरला जात होता, पण नंतरच्या पिढ्यांनी त्याला जवळचे मानले. ‘गुत्ता’ या शब्दाने तो प्रवास अजून केलेला नाही, आणि एका लेखकाच्या इच्छेने तो होणारही नाही.

मग पाटीवरचा शब्द घ्यावा काय? ‘परमिट रूम’ हे नाव १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाच्या चौकटीतून आले. पिणाऱ्याजवळही परवाना हवा, या कल्पनेतून परवानाधारकांनी बसायची ती परमिट रूम. (दारूबंदीच्या नावाचा कायदाच बारना परवाने देतो, ही गंमत नाव बदलून ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ झाल्यावरही कायम आहे.) ठाण्यात आणि नवी मुंबईत हा शब्द इतका रुळला आहे की त्यात आता परवाना कोणाला दिसत नाही. अंधुक दिवे, रेक्झिनची बाके आणि ओळखीचा वेटर मात्र दिसतो. जागा खाडीकडे उघडी असेल तर ‘रूम’ थोडी खटकेल, एवढाच दोष. एरवी वातावरणाच्या दृष्टीने हाच सर्वांत जवळचा शब्द आहे.

तरीही माझे मत असे, की वाचकांनी नामाचा शोध सोडून क्रियापदाकडे वळावे. मराठीत या जागांची नामे मक्त्यातून आणि कायद्यातून आली आहेत, आणि निवांतपणा सगळा ‘बसणे’ या क्रियापदात साठला आहे. ‘आज बसायचे का?’ या प्रश्नात कोठे आणि कशासाठी हे सांगावे लागत नाही. ‘तो पितो’ ही तक्रार असते, तर ‘काल आम्ही बसलो होतो’ ही केवळ वार्ता असते, आणि तीत सोबत, गप्पा, घाई नसणे हे सारे गृहीत असते. म्हणून ‘खाडीकाठी एक जुना बार आहे, तेथे आम्ही जाऊन बसलो’ हे साधे वाक्य कोणत्याही घडवलेल्या सामासिक शब्दापेक्षा जास्त सांगते. ‘बार’ला मराठी प्रतिशब्द हवाच, हा आग्रह येथे अनाठायी आहे.

त्याच वर्णनात ‘स्थानिकांचा आवडता’ अशी शब्दयोजना असेल तर तीही तपासून पाहावी. १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या, त्या गावांतील लोकांना नवी मुंबईत ‘स्थानिक’ म्हणतात, आणि या शब्दामागे मोबदल्याचा व हक्काचा मोठा लढा आहे. समोरच्या सेक्टरमध्ये वीस वर्षे राहणारा, रोज संध्याकाळी तेथे येणारा बँकेतला कारकून त्या अर्थाने स्थानिक नव्हे. दिवाळ्याच्या किंवा गोठिवलीच्या गाववाल्यांविषयी म्हणायचे असेल तर शब्द चपखल आहे, एरवी ‘आसपासच्या माणसांचा’ किंवा ‘नेहमीच्या गिऱ्हाइकांचा’ बरा.

राहिले शब्दयोगी अव्ययांचे. गुत्त्यावर, पिठ्यावर, अड्ड्यावर असे आपण म्हणतो, पण सहसा बारमध्ये आणि परमिट रूममध्ये जातो. ‘तो बारवर असतो’ असे कोणी म्हणालेच, तर बोलणाऱ्याच्या कपाळावरची आठीही ऐकू येते. खाडीला मात्र ‘वर’ निमूट चालते, जसे ते बंदराला आणि धक्क्याला चालते. त्यामुळे ‘खाडीवरच्या बारमध्ये’ असे लिहिल्यास दोन्ही अव्यये आपापल्या जागी राहतात, आणि ‘वॉटरफ्रंट’साठी ‘जलतट’ शोधण्याचा प्रसंगही येत नाही.