ताशी चार मैलांची सुट्टी : इंग्लंडच्या कालव्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या जुन्या मालवाहू कालव्यांवर भाड्याने मिळणाऱ्या घरवजा बोटीला नॅरोबोट म्हणतात. रुंदी ६ फूट १० इंच, बांधणी पोलादी, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय. चालवायची मात्र स्वतःच. उन्हाळ्यात अशी सहल करू पाहणाऱ्या नाशिककर वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. भाडं बोटीच्या लांबीवर आणि हंगामावर ठरतं आणि दरवर्षी बदलतं, म्हणून पैशांचे प्रश्न गाळले आहेत.

आम्ही चौघं, त्यातले दोघं साठीच्या पुढचे. बोट कुणालाच चालवता येत नाही. परवाना लागतो का? शाळेच्या सुट्टीत, मे महिन्यात जाणं योग्य ठरेल का? (गंगापूर रोड)

परवाना लागत नाही. बोट ताब्यात देताना कंपनीचा माणूस शिकवतो. त्या वेळी सगळ्यांनी हजर राहा; एकट्याने शिकून इतरांना सांगितलेलं पुढे लॉकमध्ये, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांच्या हौदात, उपयोगी पडत नाही. चौघांना ५० ते ५७ फुटी बोट पुरते. त्याहून लांब बोट घेतली तर काही कालव्यांवरच्या लॉकमध्ये ती मावत नाही.

मे महिना चांगला. तिथल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेर सुरू होते आणि तेव्हा गर्दी आणि भाडं दोन्ही वाढतं. मेचा शेवटचा आठवडा तेवढा टाळा, कारण तेव्हा त्यांची छोटी सुट्टी असते. उजेड रात्री नऊपर्यंत राहतो. आपल्याकडच्या मेच्या हिशेबाने कपडे मात्र नेऊ नका. रात्री पारा दहाच्या खाली जातो, आणि सुकाणूवरचा माणूस दिवसभर उघड्यावर उभा असतो. स्वेटर, वारा-पाऊस अडवणारं जाकीट आणि न घसरणारे बूट हवेतच.

‘फोर काउंटीज रिंग’ ही ११० मैलांची फेरी सात दिवसांत करायची आहे. रोज १६ मैल म्हणजे काहीच नाही ना? (इंदिरानगर)

कालव्यावर मैल मोजून भागत नाही, लॉकही मोजावी लागतात. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जावं लागतं. नाहीतर लाटेने त्यांचे खुंटे उपटून निघतात. हिशेबाची सोपी रीत अशी : मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला तीनने भागा, म्हणजे तास मिळतात. या फेरीत ९४ लॉक आहेत. ११० अधिक ९४ म्हणजे २०४, भागिले तीन म्हणजे ६८ तास. सात दिवसांत रोज जवळजवळ दहा तास होतात. पाणी भरणं, बाजार, पाऊस, लॉकपाशी रांग हे सगळं वेगळंच. ही सुट्टी नव्हे, ही हमाली. दहा-अकरा दिवस असतील तरच फेरी घ्या.

आठवडाच हाताशी असेल तर लँगोलेन कालवा पाहा. सुमारे ४५ मैल आणि फक्त २१ लॉक. वाटेत १८०५ साली खुला झालेला पाँटकसल्टे जलसेतू लागतो. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांनी डी नदीच्या खोऱ्यावरून ३८ मीटर उंचीवर, ३०७ मीटर लांबीच्या लोखंडी पन्हाळीतून कालवा पलीकडे नेला. २००९ पासून तो जागतिक वारसा आहे. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी आत बसावं. एका वेळी एकच बोट मावते, तेव्हा समोरून कुणी येत नाही ना हे पाहूनच शिरा. लँगोलेन गावाआधीचा कालवा इतका अरुंद आहे की एकाला चालत पुढे पाठवून फोनवर ‘या’ म्हणेपर्यंत थांबावं लागतं.

आणि ज्या मार्गावर जाणार, तिथलं एखादं लॉक बंद नाही ना, हे कालवे सांभाळणाऱ्या ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’च्या सूचनांमध्ये निघण्याआधी आणि रोज सकाळी पाहा. कोरड्या उन्हाळ्यात पाणी वाचवायला मार्गच बंद ठेवतात.

लॉकची भीती वाटते. नेमकं काय करायचं आणि अपघात कशाने होतात? (पंचवटी)

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. पाणी भरलं की बोट वर, सोडलं की खाली; पंप नाही, सगळं उतारावर चालतं. पाणी सोडायच्या झडपांना पॅडल म्हणतात आणि त्या विंडलास नावाच्या वाकड्या हँडलने फिरवून उघडतात.

वर चढताना : लॉक रिकामं असेल तर बोट आत घ्या, मागचे दरवाजे आणि पॅडल बंद झाल्याची खात्री करा. मग वरच्या बाजूची, जमिनीतली पॅडल आधी अर्धी उघडा. बोट स्थिर आहे असं दिसलं की पूर्ण. वरच्या दरवाज्यातली पॅडल अगदी शेवटी. ती आधी उघडली तर पाण्याचा लोट थेट बोटीच्या पुढच्या डेकवर पडतो. नाक दरवाज्याच्या एखाद्या आडव्या लाकडाखाली अडकलं की पाणी चढतं, पण नाक चढत नाही. असं दिसताच वरची पॅडल बंद करा, मग खालची उघडा.

उतरताना धोका मागे असतो. वरच्या दरवाज्याखाली दगडी उंबरा असतो, सिल म्हणतात त्याला. भरलेल्या लॉकमध्ये तो दिसत नाही. पाणी उतरलं की उघडा पडतो. बोटीची शेपटी त्यावर टेकलेली राहिली तर पुढचा भाग खाली जातो आणि मिनिटांत बोट बुडते. लॉकच्या काठावर पांढरी रेघ काढलेली असते. सुकाणूसकट सगळी बोट तिच्या पुढेच ठेवा. बोट तिरकी होताना दिसली की ओरडा. काठावरच्याने खालची पॅडल ताबडतोब बंद करावीत आणि मगच वरची हळूहळू उघडून पाणी परत भरावं. हा क्रम निघण्याआधी सगळ्यांच्या तोंडी बसवा.

उतरताना दोर खुंटाला गाठ मारून बांधू नका, नुसता एक वेढा देऊन हातात धरा. पाणी उतरलं की गाठ मारलेल्या दोरावर बोट टांगली जाते. कडेचे फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गाद्या, वर घ्या, कारण अरुंद लॉकमध्ये दोन्हीकडे मिळून जेमतेम दोन-तीन इंच मोकळे असतात. विंडलास दांड्यावर अडकवून सोडू नका. पॅडल उघडं धरून ठेवणारी खिटी निसटली तर तो गरगर फिरतो आणि हात मोडतो. दरवाजा उघडत नसेल तर दोन्हीकडचं पाणी अजून समपातळीत आलेलं नसतं. रेटू नका, थांबा. वयस्कर मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं.

सुकाणू उलटं चालतं म्हणतात. शिवाय बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात (प्रोपेलर) काही अडकलं तर? (सातपूर)

टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकला, नाक उजवीकडे वळतं. अर्ध्या तासात हात बसतो. खरी अडचण ही की बोट साधारण मध्यावर फिरते, म्हणजे नाक उजवीकडे गेलं की शेपटी डावीकडे जाऊन काठाला धडकते. ब्रेक नाही, थांबायचं तर रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ चालत नाही. समोरून बोट आली की आपण उजवीकडे. गाळात रुतलात तर गॅस वाढवू नका, पंखा गाळ उपसून बोट आणखी बसवतो. रिव्हर्स घ्या, माणसं मोकळ्या बाजूला उभी करा, बांबूने रेटा.

इंजिन कुथतंय, वेग नाही, टिलर थरथरतोय : पंख्यात प्लास्टिक किंवा चिंधी आहे. आधी क्षणभर रिव्हर्स देऊन पाहा. नाही निघालं तर काठाला बांधा, इंजिन बंद, किल्ली खिशात, मग पंख्यावरचं झाकण उघडून कापून काढा. झाकण परत घट्ट आवळल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. तिथून पाणी आत येऊन बोटी बुडाल्या आहेत.

कुकर, मिक्सर, पाणी, शौचालय? (नाशिकरोड)

शेगडी गॅसची, कुकर चालतो. खिडकी उघडी ठेवा आणि खालच्या हवेच्या जाळ्या कधीही झाकू नका. शेगडीवर खोली गरम करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात. मिक्सर इन्व्हर्टरवर, तोही इंजिन चालू असताना. आधी इन्व्हर्टर किती वॉटचा आहे ते विचारा. व्होल्टेज आपल्याइतकंच, पिन मात्र चौकोनी, तेव्हा अडॅप्टर न्या. डाळ-तांदूळ, कणीक मोठ्या दुकानांत मिळते. तूप, पेढे, खव्याची मिठाई इथून नेऊ नका. दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे.

पाण्याची टाकी रोज भरा. शौचालय ‘पंप-आउट’ प्रकारचं मागा, म्हणजे मैल्याची कॅसेट (सुटी पेटी) हाताने रिकामी करायचं काम वाचतं. मगभर पाणी वापरायच्या आपल्या सवयीने शौचालयाची टाकी लवकर भरते, हे हिशेबात धरा.

थेम्सवर जावं का? (देवळाली कॅम्प)

पहिल्या सहलीत नको. कालव्याचं पाणी बहुतेक ठिकाणी कमरेइतकं. नदीला खोली आणि ओढ दोन्ही असते. गेलातच तर लाइफ जॅकेट आणि नांगर हवा. लॉकपाशी लाल फलक दिसला की बोट बांधून ठेवायची. तिथल्या लॉकमध्ये इंजिन बंद करावं लागतं.

आपल्या गोदावरीच्या कालव्यांवर असं का होत नाही? (निफाड)

नांदूर मधमेश्वरहून निघणारे कालवे शेतीसाठी आहेत : तळाला उतार, पाणी आवर्तनापुरतं, एरवी कोरडे. बोटीच्या कालव्याचं पाणी उभं लागतं आणि चढउतार लॉकने घ्यावा लागतो. तिकडेही लॉकची एक खेप लाखभर लिटरहून अधिक पाणी खाली सोडते. लँगोलेन मात्र वाहता आहे, कारण तो पिण्याचं पाणीही नेतो. म्हणून चढताना वेळ जास्त धरा. बाकी गोदावरीला लॉक नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांनी आंध्रातल्या धवळेश्वरमला बंधारा बांधला, त्याच्या कालव्यांतून लॉक ओलांडत बोटी जात.

विंडलास पाण्यात पडला तर? (सिडको)

पडतोच. सुरुवातीलाच जास्तीचा मागून घ्या. दोरीला जड लोहचुंबक बांधून लोखंडी निघतो, अ‍ॅल्युमिनियमचा नाही.