नवं मशीन घेऊनही डॉक्टर लॅबच्या रिपोर्टवर शंका घेतात. दर्जा सुधारायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की लॅबमध्ये पूर्ण ऑटोमॅटिक मशीन आलं, तरी डॉक्टर अधूनमधून 'पुन्हा करा' म्हणून सांगतात. मी बायोकेमिस्ट्रीत काम करतो, म्हणून आधी एकच सुचवतो: मशीन बाजूला ठेवा आणि सॅम्पल कसं घेतलं जातं ते दोन दिवस शेजारी उभं राहून बघा. लॅबच्या चुकांवर जे अभ्यास झालेत, त्यांत निम्म्याहून जास्त चुका सॅम्पल मशीनवर चढण्याआधीच झालेल्या दिसतात.

आमच्याकडे ओळखीची झालेली एक गोष्ट सांगतो. पोटॅशियम ७.८ येतं, कॅल्शियम जवळजवळ तळाला, अल्कलाइन फॉस्फटेजही कमी. पेशंट मात्र ठणठणीत आणि ईसीजीही नॉर्मल. मशीनची काही चूक नसते. रक्त कमी आलं म्हणून कुणीतरी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं थोडं सीरमच्या ट्यूबमध्ये ओतलेलं असतं. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए हे रसायन पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, शिवाय ते कॅल्शियम धरून ठेवतं. हा रिपोर्ट तसाच गेला तर धडधाकट माणसावर पोटॅशियम उतरवायचे उपचार सुरू होऊ शकतात. म्हणून ओतणं पूर्ण बंद, आणि ट्यूब भरायचा क्रम ठरलेला हवा: ब्लड कल्चर असेल तर ते आधी, मग निळी, सीरमची, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. रक्त कमी पडलं की तिच्यातल्या सायट्रेटचं (तेही रक्त गोठू न देणारं रसायन) प्रमाण वाढतं आणि पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटा लांबतो.

साध्या ट्यूबमधलं रक्त सेंट्रिफ्यूज न करता पडून राहिलं, तर पेशी साखर खात राहतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून प्रत्येक ट्यूबवर रक्त घेतल्याची वेळ लिहायला लावा.

आता कंट्रोल, म्हणजे मशीन बरोबर चाललंय का ते बघायला लावायचं, अपेक्षित आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल. इथे मला मनापासून कळकळीने सांगायचंय. कंट्रोल आउट गेला की तो 'आत' येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचा, ही सवय कितीतरी ठिकाणी आहे, आणि तिने सगळ्या कंट्रोलचा अर्थच जातो. कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायचा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट १९५० पासून आहे, ते आकडे कधी नाकारायचे हे सांगणारे वेस्टगार्डचे नियम १९८१ पासून. एक कंट्रोल सरासरीपासून ३ एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांच्या नेहमीच्या चढउताराचं माप) बाहेर, किंवा लागोपाठ दोन एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर गेले, तर पेशंटचे रिपोर्ट थांबवून कारण शोधायचं. दहा बिंदू सलग सरासरीच्या एकाच बाजूला पडत असतील तर एकही कंट्रोल आउट नसतानासुद्धा काहीतरी सरकलंय. बहुतेकदा रिएजंटचा (टेस्टच्या रसायनाचा) नवा लॉट किंवा कॅलिब्रेशन. आणि सरासरी व एसडी तुमच्या स्वतःच्या मशीनचे काढा. पॅकेटवरच्या कागदावरची मर्यादा बहुधा इतकी रुंद असते की बिघाड तिच्यात आरामात लपतो.

बाहेरच्या ईक्यूएएस कार्यक्रमात नाव घाला, म्हणजे बाहेरची संस्था सॅम्पल पाठवून तुमची उत्तरं तपासते. ते सॅम्पल रोजच्या पेशंटसारखंच, रोजच्याच टेक्निशियनने लावायचं. खास काळजी घेऊन तीनदा लावलेल्या उत्तरातून आपल्या कामाबद्दल काहीच कळत नाही. आयएसओ १५१८९ (मेडिकल लॅबच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) ची तयारी पुढे करालच, पण आधी या सवयी बसवा, नाहीतर फायली तेवढ्या भरतात.

शंका घेणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. नेमका कोणता पेशंट, कोणती टेस्ट, विसंगत काय वाटलं ते विचारा, त्याच सॅम्पलची ट्यूब, वेळ आणि त्या दिवसाचा कंट्रोल काढून बघा, आणि काय सापडलं ते त्यांना कळवा. जीवघेण्या आकड्यांचा फोन तर रिपोर्ट छापायची वाट न पाहता जायला हवा. समोरच्याने आकडा परत वाचून दाखवावा आणि कुणी, किती वाजता ऐकला याची नोंद व्हावी. हिमोलाइज्ड (तांबड्या पेशी फुटून सीरम लाल झालेलं) सॅम्पल परत पाठवणाऱ्या टेक्निशियनवर वॉर्डातून कुणी ओरडलं, तर इन्चार्ज म्हणून तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहा. तुम्ही नाही राहिलात तर पुढचं लाल सीरम तो निमूटपणे मशीनवर चढवेल.