अमेरिकेत मुलांनी बीजगणित आठवीत घ्यावे की नववीत? आणि कॉलेजातला रेमेडियल, म्हणजे शाळेतलेच गणित पुन्हा शिकवणारा वर्ग टाळता येतो का?

मी अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजात) गणित शिकवतो, त्यामुळे हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

आठवीचा आग्रह मुख्यतः कॅल्क्युलसपोटी असतो. नववीत बीजगणित घेतले की पुढची तीन वर्षे भूमिती, बीजगणिताचा दुसरा भाग आणि प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी) यांत जातात आणि बारावीत कॅल्क्युलसला जागा उरत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये सर्वांचेच बीजगणित नववीत ढकलले आणि पालकांच्या विरोधानंतर २०२४ मध्ये ते आठवीत परत आणण्याचे ठरवले. उलट नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट-मेक्लेनबर्ग जिल्ह्यात सरासरी तयारीच्या मुलांनाही सरसकट आठवीत बसवले, तेव्हा त्यांचे बीजगणिताचे गुण घसरले आणि पुढे भूमितीतही काही फायदा झाला नाही.

म्हणून इयत्तेपेक्षा मुलाची तयारी पाहावी. त्याला ८ + ४ = □ + ५ एवढेच लिहून द्या. चौकटीत ७ ऐवजी १२ भरणाऱ्या मुलाला बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी सूचना वाटते, आणि अशा मुलाला समीकरणाच्या दोन्ही बाजू समतोल ठेवायला सांगणे व्यर्थ असते. त्यात अपूर्णांक आणि गुणोत्तरही कच्चे असेल, तर आठवीचे वर्ष हा पाया पक्का करण्यातच खर्ची घालावे. ते वाया जात नाही.

रेमेडियल वर्गांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: बहुतेकांना त्यांची गरज नसते. पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट न देणाऱ्या या वर्गांत विद्यार्थी नापास तर होतातच, पण पास झालेल्यांपैकीही कित्येक जण पुढच्या सत्रात नाव नोंदवत नाहीत. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठात रेमेडियल ठरलेल्या विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करण्यात आली. नेहमीच्या प्राथमिक बीजगणितात ३९ टक्के उत्तीर्ण झाले, तर साप्ताहिक कार्यशाळेच्या जोडीने थेट कॉलेज पातळीचे संख्याशास्त्र घेतलेल्यांपैकी ५६ टक्के. २०१७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियानेही कम्युनिटी कॉलेजांत हीच दिशा धरली.

मात्र अभियांत्रिकीला जाणाऱ्याला संख्याशास्त्र घेऊन बीजगणित चुकवता येत नाही. त्याने प्रवेशाच्या वेळी ‘कोरिक्विझिट’ तुकडी मागावी. तीत क्रेडिटचा विषय आणि त्याच्या मदतीचे तास एकाच सत्रात, बहुधा एकाच शिक्षकाकडे असतात. सल्लागार ती आपणहून सुचवतीलच असे नाही.